डॉक्टरच्या अंगावर कोट आला कुठून?

कोसळलेल्या अंतराळयानाच्या पोटात एक जंगल आहे. तिथे एमी पाँड डोळे घट्ट मिटून बसली आहे. उघडले तर मरेल, कारण एक दगडी देवदूत तिच्या डोळ्यांत शिरलाय. डॉक्टर तिला तिथेच सोडून पुढे निघतो. निघताना त्याच्या अंगात फक्त शर्ट, गॅलिस आणि बो-टाय. ट्वीडचा कोट थोड्या वेळापूर्वीच गेला: दुसऱ्या एका देवदूताने मागून धरला होता, तेव्हा हा पठ्ठ्या कोटातून अलगद निसटून पळाला. आता तो जातो, आणि काही क्षणांत परत येतो. एमीचे हात हातात घेतो, माझ्यावर विश्वास ठेव म्हणतो, तू सात वर्षांची असताना मी तुला काय सांगितलं होतं ते आठव म्हणतो, आणि पुन्हा निघून जातो. कॅमेरा चेहऱ्यांना इतका चिकटलेला आहे की बाकीचं फारसं दिसतच नाही. पण खांदा दिसतो, बाहीची कड दिसते. ट्वीडची.

मी स्पेसबार दाबला, मागे घेतलं, पुन्हा बघितलं. शेजारी धाकटा भाऊ बसला होता. त्याची ही मालिका आधीच बघून झाली होती.

“ताई, तू बघतेयस की ऑडिट करतेयस?”

ऑडिट हाच माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे हा टोमणा मला लागत नाही.

‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश मालिका. तिचा नायक डॉक्टर हा काळातून भटकणारा परग्रहवासी; मरायची वेळ आली की तो नवा देह घेतो, त्यामुळे नट बदलत राहतात. एमी ही त्याची तेव्हाची सोबतीण. हा भाग बीबीसीवर १ मे २०१० रोजी दाखवला गेला. ज्यांनी तो तेव्हा पाहिला त्यांच्यातल्या चाणाक्ष मंडळींना कोट दिसला होता, आणि बऱ्याच जणांनी तो चुकांच्या वहीत टाकून दिला. दृश्यं तुकड्यातुकड्यांत चित्रित होतात, कुणीतरी विसरलं असेल, नटाला थंडी वाजत असेल. मग २६ जूनला मोसमाचा शेवटचा भाग आला. त्यात डॉक्टरचं अस्तित्वच पुसलं जात असतं आणि तो स्वतःच्या आयुष्यातून उलटा मागे मागे सरकत असतो. जाता जाता तो त्या जंगलात पोचतो. एमी डोळे मिटून बसलेली आहेच. म्हणजे मे महिन्यात आपण जो कोटवाला डॉक्टर पाहिला, तो हा होता, जूनमधला. कोट त्याच्या अंगावर असायलाच हवा होता.

ही चलाखी मला आजही भारी वाटते, कारण मालिकेचा तेव्हाचा मुख्य लेखक स्टीव्हन मॉफट याने पुरावा अशा जागी ठेवला जिथे प्रेक्षक सवयीने माफी देऊन टाकतो. धागा लपवायचा तर लेखक सहसा गर्दीत लपवतो, एखाद्या वाक्याच्या पोटात. याने तो चुकीच्या वेषात उघड्यावर उभा केला. आणि मालिकेत खऱ्या चुका भरपूर होत्या म्हणूनच ते साधलं. एकही चूक न करणाऱ्या मालिकेत तो कोट पहिल्या रात्रीच पकडला गेला असता.

माझी एक मैत्रीण मराठी मालिकांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक आहे. तिच्या फोनच्या गॅलरीत माणसं कमी आणि तुकडे जास्त: टिकली भुवईच्या किती वर, पदराची पिन कुठे, मंगळसूत्र साडीच्या आत की बाहेर, कपात चहा किती उरलाय. एका घरातले सगळे सीन लोकेशन हाताशी आहे तोवर उरकायचे असतात, त्यामुळे सकाळी सासूचं आजारपण आणि जेवणानंतर त्याच सासूने धडधाकटपणे केलेलं भांडण, जे गोष्टीत आठवडाभर आधी झालेलं असतं. काळाची अशी उलटापालट तिच्या नोकरीत रोजची आहे, यंत्र वगैरे काही लागत नाही. “जंप आला तर प्रेक्षक एकवेळ सोडतो गं,” ती म्हणते (जंप म्हणजे दोन शॉटमधली अशी विसंगती), “एडिटर सोडत नाही.”

कप, टिकली, कोट या चुका मला दिसतात, पण त्यांचा राग येत नाही. ‘डॉक्टर हू’ सुरू झालं २३ नोव्हेंबर १९६३ रोजी. इतकी वर्षं, इतके निर्माते, आणि मधल्या काळात बीबीसीने जुन्या टेप पुसून टाकल्यामुळे गहाळ झालेले नव्वदहून जास्त भाग. अशा वहीचा ताळा जुळला असता तरच मला संशय आला असता.

त्यातला सर्वांत रंगलेला वाद ‘युनिट’च्या सालांचा. युनिट ही मालिकेतली लष्करी संघटना. परग्रहावरून कुणी आलं की ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्ट आणि त्याचे जवान बंदुका घेऊन धावतात, बंदुकांचा उपयोग होत नाही, मग डॉक्टर निस्तरतो. या गोष्टी पडद्यावर आल्या सत्तरच्या दशकात, पण लिहिणाऱ्यांच्या मनात त्या थोड्याशा पुढच्या काळातल्या होत्या. १९७५ च्या एका कथेत डॉक्टरची तेव्हाची सोबतीण सारा जेन सरळ सांगते की मी १९८० सालातली आहे. हे सहज तोंडून गेलेलं वाक्य म्हणून सोडूनही देता येत नाही, कारण त्याच कथेत डॉक्टर तिला १९८० मध्ये नेऊन उजाड पृथ्वी दाखवतो: आपण आता पळून गेलो तर तुझ्या काळाचं हे होईल. अख्खा प्रसंग त्या आकड्यावर उभा आहे.

मग १९८३ मध्ये एक कथा आली, त्यात ब्रिगेडियर १९७६ सालीच निवृत्त झालाय आणि १९७७ मध्ये एका शाळेत गणित शिकवतोय. घ्या! सारा जेन युनिटबरोबर हिंडत होती तेव्हा ज्या ब्रिगेडियरच्या हाताखाली सगळं चाललं होतं, तो तिच्या सालाच्या आधीच पेन्शनीत. यामागचं कारण अगदी घरगुती आहे. ती कथा मुळात ब्रिगेडियरची नव्हतीच. १९६३ च्या पहिल्या भागात इयन चेस्टरटन नावाचा शाळामास्तर होता, त्याला परत आणायचं ठरलं होतं. तो नट मिळाला नाही, म्हणून मास्तरच्या जागी ब्रिगेडियर आला. शाळा तशीच राहिली, साल तसंच राहिलं आणि एक निवृत्त फौजी फळ्यापुढे उभा राहिला.

पुढच्या लेखकांनी याचं काय केलं? हिशोब दुरुस्त करायच्या भानगडीत ते पडले नाहीत. २००८ मध्ये डॉक्टर म्हणतो, मी पूर्वी युनिटमध्ये काम करायचो, सत्तरच्या दशकात, का ऐंशीच्या? २०१३ च्या पन्नाशीच्या खास भागात ब्रिगेडियरची मुलगी एक जुनी फाइल मागवते आणि सांगते, सत्तर किंवा ऐंशीचं दशक, कालगणनेची कुठली पद्धत धरता त्यावर अवलंबून. ज्यांना माहीत होतं ते खुर्चीतून पडायचे बाकी राहिले असतील. बाकीच्यांना ते वाक्य ऐकूही आलं नसेल.

हे विनोद लिहिणारे मुळात त्याच वादांवर वाढलेले होते. २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू करणारा रसेल टी. डेव्हिस लहानपणापासूनचा भक्त, मॉफट तसाच. बारावा डॉक्टर झालेल्या पीटर कपाल्डीचं पत्र १९७४ मध्ये, तो पंधरा वर्षांचा असताना, ‘रेडिओ टाइम्स’मध्ये छापून आलं होतं, विषय अर्थातच हाच. आणि ख्रिस चिबनल! १९८६ मध्ये सोळा वर्षांचा हा मुलगा बीबीसीच्याच एका कार्यक्रमात बसून त्या वर्षीच्या मोसमावर टीका करत होता, आणि त्या मोसमाचे लेखक तिथेच ऐकत होते. २०१८ मध्ये मालिकेची सूत्रं त्याच्याकडे आली. मग त्याने काय करावं? १९७६ चं एक जुनं भोक उघडलं.

त्या वर्षाच्या सुरुवातीला एका कथेत दोन प्रतिस्पर्ध्यांची मनोयुद्धाची झुंज होते आणि पडद्यावर डॉक्टरचे जुने चेहरे एकामागून एक मागे जात दिसतात. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. आणि त्याच्याही मागे आणखी आठ अनोळखी चेहरे. ते निर्मिती चमूतलेच लोक होते, ऐतिहासिक पोशाख चढवून फोटोला उभे राहिलेले. कथासंपादक रॉबर्ट होम्सही त्यात होता. त्याच वर्षाच्या शेवटी याच होम्सने स्वतः लिहिलेल्या कथेत नियम घालून दिला की डॉक्टरच्या जातीला बाराच वेळा नवा देह घेता येतो. चमूतले आठ धरले तर बारापैकी अकरा संधी आधीच संपलेल्या. चाहत्यांनी मग त्या आठांकडे काणाडोळा करायचं ठरवलं, पुराणातली वांगी पुराणात. चिबनलने ती २०२० मध्ये बाहेर काढली: ते चेहरे खरे, डॉक्टर (तेव्हा ती बाईच्या देहात होती) पहिल्यापासूनच वेगळी, तिला मर्यादाच नाही. हिशोब जुळला, आणि अनेक जण भयंकर चिडले. मीही त्यांच्यातलीच. कुठल्याशा पळपुट्या, सामान्य माणसाने कालयंत्र चोरलं आणि भटकायला निघाला, ही मूळ गोष्ट मला आवडत होती. आठ फोटोंची सोय लावण्यासाठी त्याला आद्य देवता करण्याची काय गरज होती? काही भोकांतून हवा खेळत असते.

नियमांच्या चुका हा आणखी वेगळा प्रांत. २०१० च्या मोसमाच्या त्याच शेवटच्या भागात डॉक्टर एका अभेद्य पेटीत कोंडला जातो. त्याला बाहेर काढतो रॉरी, एमीचा होणारा नवरा. रॉरीकडे ती पेटी उघडायचं साधन कुठून आलं? भविष्यातल्या डॉक्टरने येऊन दिलं. तो भविष्यातला डॉक्टर पेटीतून सुटला कसा? रॉरीने सोडवला. पहिल्यांदा कुणी सोडवला, याला उत्तर नाही. भाऊ म्हणतो ही शुद्ध लबाडी आहे, लेखकाला सुटकेचा मार्ग सुचला नाही. माझं मत उलट आहे, आणि त्यासाठी मी चक्क भौतिकशास्त्राचा आधार घेते.

१९८५ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना आपल्या कादंबरीतल्या नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे झटपट पोचवायचं होतं. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना विचारलं. थॉर्न यांनी कृष्णविवराऐवजी वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणारा बोगदा, सुचवलं, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की असं वर्महोल असलं तर त्यातून कालयंत्रही होईल. १९८८ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर यावर शोधनिबंध लिहिला. त्यावर जो पोल्चिन्स्की यांनी खोड काढली: बिलियर्डचा चेंडू वर्महोलमध्ये गेला, थोडा आधीच्या काळात बाहेर आला आणि त्याने स्वतःलाच धक्का मारून मार्गातून उडवलं, तर? मग तो आत जाणारच नाही आणि धक्काही मारणार नाही. थॉर्न यांच्या दोन विद्यार्थ्यांनी गणित मांडून दाखवलं की सुसंगत उत्तरं निघतात: बाहेर आलेला चेंडू स्वतःला नुसता ओझरता लागतो, त्यामुळे तो किंचित तिरका होऊन आत जातो, आणि तिरका आत गेल्यामुळेच बाहेर येताना ओझरता लागतो. पहिला ओझरता धक्का कुणी दिला, हा प्रश्नच तिथे उरत नाही. डॉक्टरच्या पेटीची सुटका मला त्या चेंडूसारखीच दिसते. आतून बघितलं तर कुठेही तुटलेली नाही.

मात्र ही मुभा सगळ्यांना दिली की मालिका कशातूनही सुटू शकते, हेही खरं. २००५ च्या एका भागात डॉक्टरची तेव्हाची सोबतीण रोझ आपल्या वडिलांना अपघातातून वाचवते. काळाला जखम होते, राक्षसी पक्षी माणसं खाऊ लागतात, आणि रोझने तान्ह्या रोझला हात लावताच ते आणखी आत घुसतात. २०१० मध्ये मात्र मोठी एमी आणि छोटी एमी शेजारी उभ्या असतात, पक्षी नाही की पिसू नाही. कारणं देता येतात. मी स्वतः दोन-तीन रचली आहेत, पैकी एक बरी आहे. काळाबद्दलच्या कुठल्याही भोकाला ठिगळ लावता येतं, कारण काळातून प्रवास कसा होतो हे कुणालाच माहीत नाही. लेखक जे सांगेल ते.

माणसं कशी वागतात हे मात्र सगळ्यांना माहीत असतं, आणि माझी खरी अडचण तिथे होते.

‘डार्क’ घ्या. डिसेंबर २०१७ ते जून २०२०, तीन मोसम, २६ भाग. या जर्मन मालिकेचं बांधकाम इतकं पक्कं की कथेतला प्रलयाचा दिवस २७ जून २०२० आणि शेवटचा मोसम त्याच तारखेला प्रदर्शित. मी वंशावळ कागदावर काढून पडताळली, साल अन् साल लागतं. शार्लट ही स्वतःच्या मुलीची मुलगी आहे, तेही मी मुकाट्याने गिळलं. पण हाना? २०१९ मध्ये शेजारच्या निल्सन कुटुंबातला अकरा वर्षांचा मिकेल हरवतो. तो गेलेला असतो १९८६ मध्ये, तिथेच वाढतो, मिखाएल होतो आणि हानाशीच लग्न करतो. हाना त्या मुलाला १९८६ मध्ये भेटलेली आहे. पुढे तिच्या डोळ्यांदेखत त्याच गावात, तिच्या ओळखीच्या घरात, तिचं जिच्या नवऱ्यावर प्रेम आहे त्या बाईच्या पोटी मिकेल जन्मतो आणि हुबेहूब त्याच चेहऱ्याने अकरा वर्षांचा होतो. आणि तिला काहीच वाटत नाही?

“तुझ्या सातवीतल्या एखाद्या मुलाचा चेहरा आठव बघू,” भाऊ म्हणाला.

“सातवीतल्या मुलाशी मी लग्न नाही केलं.”

लग्नाच्या घरात जुने फोटो असतात. सासू कौतुकाने दाखवते. एकदा तरी हाना कुंपणापलीकडे बघून म्हणायला हवी होती, हा पोरगा कुणासारखा दिसतो रे? बाकी गावाने ओळखलं नाही हे मी मान्य करेन. आपल्या आई-वडिलांना तरुण होताना बघत, आपलाच जन्म बघत गप्प राहिलेला मिखाएलसुद्धा मला पटतो, किंबहुना तो त्या मालिकेतला सर्वांत खरा माणूस आहे. हाना नाही पटत. अणुभट्टीखालची गुहा पटते आणि एक बायको पटत नाही.

‘डॉक्टर हू’मध्येही हेच झालंय, आणि गुन्हेगार तोच कोटवाला मॉफट. जून २०११ मध्ये एमी आणि रॉरीचं तान्हं बाळ पळवलं जातं. ते बाळ मोठं होऊन त्यांची मैत्रीण रिव्हर साँग झालेलं आहे, हे त्यांना कळतं. कालरेषेच्या दृष्टीने अगदी चोख, आधीच्या कथांतले बारीक धागेसुद्धा जुळतात. पण ऑगस्टच्या भागानंतर हे जोडपं पुन्हा सहलींना निघतं. एका भागात तर ते कुठल्यातरी घाबरलेल्या लहान मुलाला मदत करायला जातात आणि आपलं बाळ कुणीतरी उचलून नेलंय याची सावलीही त्यांच्या तोंडावर पडत नाही. त्यामागेही वेळापत्रकच आहे: तो भाग आधी मोसमाच्या पहिल्या अर्ध्यासाठी होता, नंतर मागे सरकवला. कारण कळलं म्हणून डोळ्यांना दिसलेलं पुसलं जात नाही. मुलगी मोठी होऊन बरी निघाली हे कळल्यावर तिचं रांगणं बघायला न मिळाल्याचं दुःख संपतं, असं मानणाऱ्या लेखकाने कोटाकडे जितकं लक्ष दिलं त्याच्या निम्मं जरी या आईकडे दिलं असतं!

जयंत नारळीकरांची पानिपतावरची कथा मी आधी अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात वाचली, ‘द ॲडव्हेंचर’ नावाने. मराठे पानिपत जिंकलेल्या जगात गंगाधरपंत जाऊन पडतात. परत येताना त्यांच्याकडे बखरीचं एक फाटकं पान उरतं, ज्यात विश्वासरावांना लागणारी गोळी हुकलेली आहे. त्या जगात हिंदुस्तान कधी पूर्ण पारतंत्र्यात गेलेलाच नाही, तरी मुंबईतल्या मैदानाचं नाव आझाद मैदान कसं, असा खोडसाळ प्रश्न मी वर्गात विचारला होता. बाईंनी तो हसून सोडून दिला, तेच बरं झालं. कारण त्याच कथेत गंगाधरपंत मुंबईत उतरल्यावर मुलाच्या ऑफिसात जातात आणि स्वागतिकेकडे त्याचं नाव घेऊन विचारतात. ती यादी चाळते. या नावाचं कुणी नाही. इतिहासाचे प्राध्यापक असून ते ग्रंथालय नंतर गाठतात, आधी पोराला शोधतात. मैदानाचं नाव काय वाटेल ते असो.

आता एक राहिलेली नोंद. २००८ मध्ये ‘डॉक्टर हू’चा, रोमन काळात ज्वालामुखीने गाडलेल्या पाँपेईवरचा भाग आला. त्यात कपाल्डी एका संगमरवर-व्यापाऱ्याच्या भूमिकेत होता, आणि तोंड रंगवलेली एक ज्योतिषीण होती कॅरन गिलन, जी दोन वर्षांनी एमी झाली. कपाल्डी डॉक्टर झाल्यावर हा चेहरा आधी पाहिलाय ही ओरड होणारच होती. २०१५ मध्ये मालिकेने कारण दिलं: ज्वालामुखीतून डॉक्टरने त्या व्यापाऱ्याचं कुटुंब वाचवलं होतं, नियम मोडून. तो चेहरा त्याने स्वतःलाच आठवण म्हणून घेतला, की तू लोकांना वाचवतोस. ठिगळ असावं तर असं, माणसाच्या मापाचं.

गिलनच्या ज्योतिषिणीबद्दल कुणीच काही बोललेलं नाही.

“एमीची खापरखापरपणजी असेल,” भावाचं म्हणणं.

“गाव इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलं. डॉक्टरने एकच घर वाचवलं, ते कपाल्डीचं. वंश चालला कसा?”

त्याने थोडा विचार केला. “मग तिची बहीण असेल. लग्न होऊन दुसऱ्या गावी दिलेली.”

हे मात्र मला चालण्यासारखं आहे.